सल्ला: बाबांसाठी हॉस्पिस बघतोय, पण चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

*ताई, आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. माझे बाबा ७३ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पावसाळ्याआधी त्यांना कावीळ झाली आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तो यकृतातही पसरला होता. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी नळी, घातला, केमोचे दोन डोस झाले, पण ते झेपले नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, पुढे उपचारांत अर्थ नाही, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी ठेवण्याचं, बघा. भाऊ मस्कतला असतो. त्याने एका खाजगी कंपनीचं ‘घरीच आयसीयू’ पॅकेज शोधलंय, ते महिन्याचे पैसे आगाऊ मागतात. बहीण म्हणते, लोटलीच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतात तिथे, ठेवूया, तिथे पैसे लागत नाहीत. आई म्हणते, फुकट ते कसलं असणार, ख्रिस्ती सिस्टरांचं ते, आपलं देवाधर्माचं काय, आणि वाड्यावरचे म्हणतील बापाला नेऊन टाकला. बाबांना आम्ही कॅन्सरचं सांगितलेलं नाही, अल्सर म्हणून सांगितलंय. रात्री पाठीत कळा येतात, झोपता येत नाही, पुढे वाकून बसून राहतात. भाऊ गणेश चवथीला येईल, तेव्हा ठरवू म्हणतो. मला एवढंच सांगा, अशी जागा किंवा अशी माणसं चांगली की वाईट हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? – एक मुलगा*

नमस्कार.

कुठली संस्था घ्यायची याची चर्चा तुमच्या घरात अजून काही दिवस चालेल. बाबांचं रात्रीचं दुखणं मात्र तोवर तसंच राहू देऊ नका. स्वादुपिंडाच्या मागच्या बाजूला नसांचं जाळं असतं. गाठ तिथवर पोचली की दुखणं पोटातून आरपार पाठीत जातं, उताणं झोपलं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की जरा उतरतं. म्हणून ते बसून राहतात. उद्याच गोमेकॉत जा. बाबांना नेणं जमत नसेल तर कागदपत्रं घेऊन तुम्ही एकटे जा आणि डॉक्टरांना सांगा की सध्याच्या गोळ्यांनी दुखणं थांबत नाही, रात्रभर झोप नाही. ‘थोडं दुखतं’ असं म्हणू नका. आपली माणसं डॉक्टरसमोर बसली की दुखणं कमी करूनच सांगतात. जायच्या आधी बाबांना विचारा, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर रात्री किती? ते सांगतील तोच आकडा डॉक्टरांना सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथूनच सुरू होतं. मी गेली बरीच वर्षं अशा घरांशी बोलते आहे, आणि माझं मत पक्कं आहे. ज्यांना रुग्णाचं दुखणं आटोक्यात ठेवता येतं, आणि जे हे काम रात्रीही करतात, ते चांगले. इमारत, खाट, एसी, माहितीपत्रक, भिंतीवरची प्रमाणपत्रं यांचा नंबर त्यानंतर लागतो.

म्हणून कुठेही गेलात, कुणीही घरी आलं, तरी पहिला प्रश्न मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाचा, विचारा. तुमच्याकडे मॉर्फिन असतं का? कोणत्या डॉक्टरच्या सहीने मिळतं? शनिवारी रात्री गोळ्या संपल्या तर काय? १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे कित्येक वर्षं हे औषध रुग्णापर्यंत पोचणंच मुश्किल होतं, एकेका साठ्यासाठी अनेक परवाने लागायचे. २०१४मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटानिल धरून सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. त्यामुळे आज कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण सांभाळतो म्हणणाऱ्याला ‘आम्हाला तशी मान्यता आहे’ किंवा ‘अमुक मान्यताप्राप्त ठिकाणाहून आमचे डॉक्टर ते मिळवून देतात’ असं सरळ सांगता आलं पाहिजे. ‘मॉर्फिन नको हो, सवय लागते’ किंवा ‘ते अगदी शेवटी देतात’ असं उत्तर मिळालं तर तिथे बाबांना ठेवू नका. डॉक्टरच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं, आणि त्याने मरण ओढवतं ही भीतीही खरी नाही. दुखणं थांबलं की माणूस झोपतो, चार घास खातो, बोलतो.

औषध कसं देतात तेही विचारा. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास पुरते, म्हणून ती दुखायला लागल्यावर न देता घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते. झोपमोड नको म्हणून रात्रीचा डोस बहुधा मोठा देतात. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा हे लिहून दिलेलं असतं. आणि त्याच चिठ्ठीवर पोट साफ व्हायचं औषध असायलाच हवं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच आणि तो आपोआप जात नाही. सुरुवातीचे काही दिवस मळमळतं, पेंग येते, ते ओसरतं. मॉर्फिन लिहिलंय आणि पोट साफ व्हायचं काही लिहिलेलं नाही अशी चिठ्ठी हातात आली, तर त्या माणसाला हे काम येत नाही असं खुशाल समजा. मात्रा किती हे मी सांगणार नाही. बाबांचं यकृत, मूत्रपिंड बघून ते डॉक्टरच ठरवतील.

तुमच्या बाबांच्या आजाराची आणखी एक कसोटी आहे. स्वादुपिंडाच्या दुखण्यावर त्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते बधिर करता येतं, त्याला सीलिअॅक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात. प्रत्येकाला ते करावं लागतं किंवा करता येतंच असं नाही. पण जाणत्या टीमच्या तोंडी ते नाव स्वतःहून येतं. तशीच ती टीम पहिल्याच भेटीत विचारते: अंगाला खाज सुटते का? शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं का? कावीळ परत दिसायला लागली का? थंडी वाजून ताप येतो का? खाज काविळीची असते. तेलकट शौच पाचक रस कमी पडल्याचं लक्षण, त्यावर जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल असतात. ताप आणि कावीळ एकत्र आली तर स्टेंट तुंबलेला असू शकतो आणि तातडीने दाखवावं लागतं. पहिल्या भेटीत हे काहीही न विचारता जो पॅकेजचे दर सांगायला लागतो, त्याच्याशी बोलणं लवकर आटपा.

आता भावाने शोधलेल्या कंपनीबद्दल. ‘घरीच आयसीयू’ म्हणजे काय काय आणणार, हे यादी करून मागा. मॉनिटर, ऑक्सिजन, सक्शन, व्हेंटिलेटर? यातलं तुमच्या बाबांच्या पाठीतल्या कळेवर काय काम करतं? घरात मॉनिटर आला की सगळे त्या पडद्यावरचे आकडे बघत बसतात, आकडा हलला की घाबरतात आणि मध्यरात्री अॅम्ब्युलन्स बोलावतात. ज्या माणसाचा आजार बरा होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलंय, त्याला यंत्रं विकणं मला पटत नाही. मी तुमच्या जागी असते तर ते पॅकेज घेतलं नसतं. भावाला राग आला तरी चालेल.

पण घरी येऊन सेवा देणं ही गोष्ट वेगळी आणि ती चांगली असू शकते. बाबा आपल्या खोलीत, आपल्या माणसांत राहतील, सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू येईल. त्यासाठी त्या कंपनीला, किंवा दुसऱ्या कुणालाही, असं विचारा: घरी येणार ती नोंदणीकृत नर्स की ब्युरोची अटेंडंट? दोघींची गरज असते, अटेंडंटच्या कामाला मी कमी लेखत नाही. अंघोळ, डायपर, कुशीवर वळवणं हे सगळं तीच करते. पण अटेंडंटला नर्सचे पैसे घेऊन ‘सिस्टर’ म्हणून पाठवणं सर्रास चालतं, तेव्हा नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. डॉक्टर स्वतः येऊन रुग्णाला तपासणार की फक्त फोनवर? किती दिवसांनी? नर्स आली नाही तर बदली कोण? घरच्यांना औषधं द्यायला, तोंड स्वच्छ करायला, कुशीवर वळवायला शिकवणार का? आणि रात्री दोन वाजता बाबांना उलटी झाली, गोळी पोटात राहिली नाही, तर फोन कोण उचलणार? नुसता कॉल सेंटरचा मुलगा ‘तक्रार नोंदवली’ म्हणणार, की बाबांची फाइल माहीत असलेली नर्स? हे मी नुसतं विचारा म्हणत नाही. पैसे भरायच्या आधी एकदा खरोखरच रात्री उशिरा त्या नंबरवर फोन करा, तुमची खरी अडचण सांगा आणि काय उत्तर येतं ते ऐका. फोन उचलला नाही तर तुमचा निर्णय झाला.

पैशांचं थोडक्यात. महिन्याचे आगाऊ देऊ नका, आठवड्याचे द्या. बाबा पाच दिवसांनी गेले तर उरलेले परत मिळतील का, हे लेखी घ्या. हे विचारताना तोंड कडू होतं, पण नंतर त्यांच्या मागे लागण्यापेक्षा हे बरं.

लोटलीचं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. कॅन्सरचे सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी ते काढलं. टाटा हॉस्पिटलमधून ‘आता घरी न्या’ म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना जायला जागाच नव्हती, ती त्यांनी केली. लोटलीचं केंद्र त्यांचंच. बळावलेल्या कॅन्सरचे रुग्ण तिथे घेतात, जातधर्म बघत नाहीत आणि पैसे आकारत नाहीत. आईंना हे नक्की सांगा. दानावर चालणारं असलं म्हणून ते हलकं ठरत नाही. मी मात्र कुठल्याच जागेला तुमच्या वतीने पास-नापास करणार नाही, कारण तुम्ही जाल त्या आठवड्यात तिथे किती खाटा भरल्यात, ड्यूटीवर कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. बहिणीला घेऊन स्वतः जाऊन बघा. लोटली तुम्हाला लांब नाही. जायच्या आधी फोन करून खाट आहे का, कुठले कागद लागतात ते विचारा.

बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहिती ऐकण्यात वेळ घालवू नका. परवानगी काढून, रुग्णांची लाज राखून, वॉर्डातून एक फेरी मारा. दुपारच्या जेवणानंतरची वेळ निवडा, तेव्हा सगळं निवांत असतं आणि खरं रूप दिसतं. रुग्णांच्या ओठांकडे बघा. ज्याला स्वतःहून पाणी घेता येत नाही त्याचे ओठ कोरडे, तडकलेले, जिभेवर पांढरा थर असेल, तर त्याचं तोंड कुणी पुसलेलं नाही. नखं बघा. पाण्याचा ग्लास आणि घंटा हाताला येईल अशी ठेवलीय की पलीकडच्या टेबलावर? कुणी हाक मारली तर किती वेळाने कोण येतं? वास बघा. फिनेलचा घमघमाट असण्यापेक्षा कसलाच वास नसणं चांगलं. जखमेला वास असलेला रुग्ण असेल तर तो वास कमी करायला काय करता, हे विचारा. त्यावर उपाय असतात आणि ते माहीत असणारे लोक उत्साहाने सांगतात.

आणि कुणाला कुशीवर वळवत असतील तर तिथे दोन मिनिटं थांबा. मी एका ठिकाणी पाहिलेलं सांगते. एक बाई आल्या, आधी त्या आजोबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘बाबा, आता या कुशीवर घेते हां.’ मग हात चोळून गरम केले, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, दुसरीने चादर धरली, आणि त्यांना ओढलं नाही, उचलून वळवलं. पाठीवरून, माकडहाडावरून बोट फिरवून कातडी लाल झालीय का ते बघितलं, गुडघ्यांच्या मधे उशी सरकवली, कान दुमडला नाही ना ते पाहिलं. दुसऱ्या एका ठिकाणी दोघींनी ड्यूटीच्या गप्पा मारत एका माणसाला गठ्ठ्यासारखा पलटला. त्याचे डोळे उघडे होते, तो छताकडे बघत राहिला. दोन्ही ठिकाणी तक्त्यावर नोंद एकच असणार, ‘पोझिशन बदलली’. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून राहून जखमा, होतात. तिथल्या मुख्य सिस्टरना विचारा, इथे आल्यावर किती जणांना नव्याने बेडसोर झाले? ‘एकालाही नाही’ असं ठासून सांगणाऱ्यापेक्षा ‘अमक्याला झाला, त्याचं अंग फार झडलं होतं, आम्ही असं असं केलं’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवीन.

व्हरांड्यात बसलेल्या एखाद्या नातेवाइकाशी बोला. एकच विचारा, तुमच्या माणसाचं दुखणं इथे आल्यावर कमी झालं का, आणि किती दिवसांत? चांगल्या ठिकाणी एक-दोन दिवसांत फरक पडायला लागतो.

आता ज्या गोष्टी बघून तुम्हाला वाटेल की इथे लक्ष देत नाहीत, त्यांच्याबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर आई तिथून रडत परत येतील. सगळ्यांना सलाइन लावलेलं दिसणार नाही. रोज रक्त तपासणार नाहीत. तासातासाला बीपी घेणार नाहीत. न जेवणाऱ्याच्या नाकात नळी घालायची घाई करणार नाहीत. शेवटच्या दिवसांत शरीराला अन्नपाणी नको असतं, जबरदस्तीने दिलेलं सलाइन अंगात साठतं, पायांवर सूज येते, छातीत घरघर वाढते. तिथे पेजेची निवळ चमच्याने दोन घोट देतील, ओल्या कापसाने तोंड पुसतील, आणि माणसाने मान फिरवली की थांबतील. ही हयगय नव्हे. तुम्ही फक्त एवढं बघा की त्यांनी हा निर्णय घरच्यांना बसवून नीट समजावून सांगितला का. न सांगता केलं तर जाब विचारा.

इथून घरी परत जाता येतं का, हेही विचारा. बऱ्याच जणांना वाटतं हॉस्पिस म्हणजे गेलेला परत येत नाही. दुखणं, उलट्या ताब्यात आल्या की चांगली टीम स्वतःच म्हणते, आता चार दिवस घरी न्या, त्रास वाढला तर परत आणा. तुमच्या बाबांना तसंच करता येईल. आधी तिथे राहून औषधांची घडी बसवायची, तुम्ही शिकून घ्यायचं, मग चवथीला घरी. वाड्यावरच्यांना उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही, पण आईंसाठी हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहिते. त्यांना तिथे बाबांजवळ राहता येईल का, रात्री थांबता येईल का, हे मी सांगितलेल्या प्रश्नांत वर ठेवा. भेटीच्या वेळा शाळेच्या घंटेसारख्या पाळणारी जागा असेल तर मी दोनदा विचार करीन.

आणि देवाधर्माचं. गोव्यात आपल्या कितीतरी घरांतली बाळंतपणं सिस्टरांच्या हातून झालीत, त्यात कुणाचे देव बदलले नाहीत. तरी मनात किंतु ठेवून जाऊ नका, तोंडावर विचारा: उशाशी आमच्या कुलदेवतेचा फोटो ठेवला तर चालेल का? रोज अंगारा लावला तर? शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालू द्याल ना, आणि गेल्यावर किती वेळात न्यावं लागेल? चांगली माणसं या प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट लिहून ठेवतात. बाबांना कोकणी-मराठीत बोलणारं कुणीतरी रात्रपाळीलाही असायला हवं. पाणी मागायला परकी भाषा शोधावी लागू नये.

मग ‘अल्सर’चं. तुमच्या पत्रातला मला सर्वांत अवघड वाटलेला भाग हाच. तुम्ही प्रेमापोटी लपवलंत हे मला कळतं, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत हेच होतं. पण विचार करा, ते आयुष्यभर वर्गातल्या मुलांचे चेहरे वाचत आले, त्यांना तुमचे चेहरे वाचता येत नाहीत का? केमो कशावर देतात हे पेपर वाचणाऱ्या माणसाला ठाऊक नाही का? मला वाटतं त्यांना बरंचसं कळलेलं आहे आणि तेही तुमच्यासमोर अल्सरचं नाटक करताहेत. म्हणजे घरात सगळे एकमेकांपासून लपवताहेत आणि बाबा एकटे पडलेत.

संस्था पारखायची ही फार चांगली जागा आहे. पहिल्याच भेटीत सांगा, ‘बाबांना माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.’ आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘ठीक आहे, आम्ही अल्सरच म्हणू’ असं म्हणणारे सोयीचे आहेत, चांगले नाहीत. ‘असं चालणार नाही, आम्ही आजच सांगणार’ म्हणणारेही नकोत. जाणता डॉक्टर किंवा समुपदेशक साधारण असं म्हणेल: आम्ही होऊन काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मग खाटेपाशी बसेल आणि बाबांनाच विचारेल, ‘सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालंय? किती माहिती हवीय? सगळं मुलांशी बोलू की तुमच्याशी?’ काही रुग्ण म्हणतात, मुलगा बघेल. तो त्यांचा हक्क. काही जण एक मोठा श्वास सोडतात आणि बँकेतल्या कागदांपासून शेतातल्या माडांपर्यंत सगळं बोलायला लागतात. हा संवाद ज्यांना जमतो त्यांच्याकडे बाबांना न्या. आणि त्या वेळी खोलीत तुम्हीही असा.

बाबा बोलायला लागले तर त्यांना एक विचारता येईल: अगदी शेवटी व्हेंटिलेटर, आयसीयू हवं का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेता येतं. गोव्यात २०२४मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल जाहीरपणे केलं, त्यामुळे इथल्या डॉक्टर-वकिलांना ते नवीन राहिलेलं नाही. बाबांची इच्छा असेल तरच करा. कागद झाला नाही तरी त्यांनी काय म्हटलं ते तुम्हा तिघा भावंडांना एकाच वेळी ऐकलेलं असू द्या, म्हणजे नंतर फोनवर वाद होणार नाहीत.

घरी ठेवायचं ठरलं तर आणखी एक व्यवहारी प्रश्न: मृत्यू घरी झाला तर दाखला कोण देणार? जो डॉक्टर नियमित येऊन बघतो तो मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देऊ शकतो, आणि पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. फोनवरच सल्ला देणारा डॉक्टर पहाटे पाच वाजता येईलच असं नाही, मग घरात माणूस जाऊनही दाखल्यासाठी धावाधाव होते. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नंतर घरच्यांची विचारपूस करता का, आईंशी कुणी येऊन बोलेल का, हेही विचारून बघा. सगळीकडे ते होत नाही, पण जिथे होतं तिथली माणसं मनापासून काम करताहेत असं समजायला हरकत नाही.

भावाला माझ्या वतीने सांगा, पॅकेजचे पैसे राहू दे आणि तिकीट या आठवड्याचं काढ. यकृतात पसरलेल्या या आजारात चवथीपर्यंत वेळ धरून चालणं धोक्याचं आहे. बाबा आज बोलताहेत, ओळखताहेत. तो मस्कतला बसून यंत्रं शोधतोय कारण त्याला लांबून दुसरं काही करता येत नाही, हे तुम्हीही समजून घ्या आणि त्याच्याशी भांडू नका. इथे आला की त्याला एक रात्र बाबांजवळ बसू द्या, आयसीयूचा विषय तो स्वतःच बंद करील.

जिथे जाल तिथे या वस्तू बरोबर घ्या: गोमेकॉची डिस्चार्ज समरी, बायॉप्सीचा आणि शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट, स्टेंट कधी घातला त्याची तारीख, सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बाबांचं आणि तुमचं आधार कार्ड. आणि एका वहीत तीन दिवसांची नोंद: किती वाजता दुखलं, दहापैकी किती, कुठली गोळी दिली, किती वेळाने उतरलं, झोप किती लागली. ती वही समोरच्या डॉक्टरने हातात घेऊन वाचली की बाजूला ठेवली, हेही बघा. जमलं तर मला कळवा.